लिऊबाईंचा मंगळवार

आठ बायका सात वर्षं दर मंगळवारी दुपारी एकाच स्वयंपाकघरात जमल्या, की त्या पदार्थ किती शिकल्या हा भाग वेगळा, किस्से मात्र भरपूर साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. फडताळाच्या मागच्या फळीवर झाकणं हरवलेले डबे जमत जातात ना, तसे. एक काढायला जावं तर दुसरा अंगावर पडतो!

गोंदियातल्या आमच्या भगिनी मंडळाच्या चिनी स्वयंपाकवर्गाचे किस्से मी इतक्यांदा सांगितले आहेत की घरातल्यांना पाठ झालेत. लोक हसतात. मीही हसवत आले. पण अलीकडे सांगता सांगता माझा मलाच राग येतो, आणि तो लपवायचं वय आता राहिलेलं नाही. तेव्हा आज सगळे सांगते, एरवी गाळते त्या शेवटच्यासकट.

माझं म्हणाल तर माहेर आमगावचं, नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क, आणि मंडळात मी चिटणीस. चिटणीस म्हणजे जिचं अक्षर बरं आहे अशी बाई. सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि पाककृतींची वही ठेवायची, एवढंच काम.

*

सुरुवात झाली एका दाढेपासून.

स्टेशनासमोरच्या बाजारात डॉक्टर लिऊ नावाचे चिनी दंतवैद्य होते. दुकानावर पाटी, पाटीवर माणसाच्या डोक्याएवढा दात रंगवलेला. स्वातंत्र्याच्या आगेमागे कलकत्त्याहून आलेले, हिंदी बोलणारे, हाताचे हलके. त्रेपन्न साली आमच्या अध्यक्षीणबाईंची दाढ ठणकायला लागली. या गावातल्या एका बड्या वकिलांच्या पत्नी. त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे, म्हणून मीही वापरत नाही. त्यांच्या सोबतीला मी गेले. डॉक्टरांनी दाढ काढली, कापूस कोंबला आणि म्हणाले, "एक घंटा मुँह बंद!"

तेवढ्यात मागच्या पडद्यातून वास आला. त्यात आलं होतं हे कळलं, बाकीचं काही कळेना. अध्यक्षीणबाईंनी खुणेनं कागद-पेन्सिल मागितली. मला वाटलं, फार दुखत असेल. त्यांनी लिहिलं, 'वास कसला?'

पडदा सरकवून डॉक्टरांची बायको बाहेर आली. ठेंगणी, पांढरं सुती पातळ नेसलेली, हातात ढवळायच्या दोन लांब काड्या. म्हणाली, "कमलककड़ी का सूप है. फुलचूर के रास्ते पे जो तालाब है ना, वहाँ की. हमारे गाँव में भी ऐसाच तालाब था, ऐसाच धान. चखोगी?"

अध्यक्षीणबाईंनी तोंडातल्या कापसाकडे बोट दाखवलं. कापूस किती कामाला येतो पाहा!

तिसऱ्या दिवशी त्यांना नीट बोलता यायला लागलं. पहिलं वाक्य हेच, "त्या बाईला मंडळात शिकवायला बोलवा. मंडळात म्हणजे, व्हरांड्यात!"

*

व्यवस्था अशी ठरली. वर्ग अध्यक्षीणबाईंच्या घरी. आम्ही आठजणी आत, चुलीपाशी. लिऊबाई उंबऱ्याबाहेर, व्हरांड्यात, पाटावर. त्यांनी तिथून सांगायचं, आम्ही करायचं. कशाला हात लावायचा नाही. त्यांच्या त्या दोन लांब काड्या मात्र चालत, कारण त्या नुसत्या हवेत फिरायच्या. "वो लाल होने दो. अब अदरक. अरे जल्दी, जल्दी!" असं म्हणत त्या काड्यांनी एकेकीकडे रोखून दाखवायच्या आणि आम्ही शाळकरी पोरींसारख्या धावायचो.

आता गंमत बघा. डॉक्टर लिऊंचा हात आमच्या आठहीजणींच्या तोंडात जाऊन आला होता. त्याला कुणाची हरकत नव्हती. बायकोचा हात तेवढा पातेल्याला लागायला नको!

पण शिकवणारीनं चाखायचंच नाही, तर तिला कळणार कसं? लिऊबाईंनीच तोड काढली. पदार्थ उतरला की आमच्यातल्या एकीनं चाखायचा. मग उंबऱ्यापलीकडून काड्या रोखून त्या विचारायच्या, "नमक?" आम्ही सांगायचं, कमी, जास्त, ठीक. त्यांचा सगळा भरवसा आमच्या जिभेवर. आणि या एका बाबतीत आम्ही कधी खोटं बोललो नाही. कमी तर कमी म्हटलं. नाहीतर पदार्थ बिघडला असता ना!

फी विचारली तर म्हणाल्या, "फीस नहीं. बस, एक दिन तुम सब हमारे घर आ के खाना खाओ. आठ कटोरी है हमारे पास, माँ की दी हुई. तुम भी आठ. कभी एक साथ निकाली नहीं."

"हो हो, नक्की!" सगळ्या एका सुरात.

मी इतिवृत्तात लिहिलं, 'सौ. लिऊ यांच्या निमंत्रणाचा विचार पुढील सभेत करावा.' पुढच्या सभेत पुन्हा तेच लिहिलं. त्याच्या पुढच्याही. हे एक वाक्य गिरवून गिरवून माझं अक्षर सुधारलं.

*

आमचा मुलूख धानाचा. भात कसा करावा हे आम्हाला कुणी बाहेरच्यानं शिकवायचं म्हणजे आधीच नाकाला मिरच्या झोंबलेल्या. त्यात लिऊबाई म्हणाल्या, "ताज़ा भात नहीं चलेगा. कल का चाहिए."

शिळा भात म्हणजे भांडीवालीचा. तो अध्यक्षीणबाईंच्या चुलीवर चढणार कसा? दोन मंगळवार त्यात गेले. शेवटी अध्यक्षीणबाईंनीच मार्ग काढला. सोमवारी खास वर्गासाठी भात शिजवायचा आणि झाकून ठेवायचा. कुणी नाक मुरडलं की त्या बजावायच्या, "हा उरलेला नाही, ठेवलेला आहे!"

घरी मी तो भात करून सासूबाईंना वाढला. त्या वर्ध्याकडच्या, तोंडाच्या फटकळ. एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "हा तं फोडणीचा भात होय. याच्यासाठी चीनची बाई कायले पायजे होती?"

पुढच्या मंगळवारी मी हे लिऊबाईंना सांगितलं. इतक्या हसल्या की काड्या खाली पडल्या. म्हणाल्या, "सही बोलती है तुम्हारी सास! भात तो भात है. उनको भी लाना हमारे घर खाने."

मी घरी येऊन निरोप दिला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भात भातच असते. पण घर घर असते."

*

हा छोटा आहे. कलकत्त्याहून हावडा गाडीनं लिऊबाईंकडे सोयाबीनच्या काळ्या रसाच्या बाटल्या यायच्या. त्याच्याशिवाय काही पदार्थ होईनात. पण त्यांच्या घरातून आलेली बाटली आत घ्यायची कशी? अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "औषधाला विटाळ नसतो!" लगेच तो रस दवाखान्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मागवला. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी होती तशीच ठेवली.

एका बाईंनी ती बाटली घरी नेली. त्यांच्या सासऱ्यांना खोकला. त्यांनी पट्टी बघून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ डोस घेतला, आणि चौथ्या दिवशी गावभर सांगत सुटले, "नवं औषध जालीम आहे हो! फक्त जरा खारट."

*

चातुर्मासात तर कहर व्हायचा. मांस-मच्छी नाही, अंडं नाही, हे लिऊबाईंनी पहिल्याच दिवशी मान्य केलेलं. आता कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. आलं तेवढं चालेल. लिऊबाईंनी काड्या मांडीवर ठेवून बोटं मोजली. मग म्हणाल्या, "मांस निकाला, अंडा निकाला, प्याज-लहसुन निकाला. तो चाइनीज़ में बचा क्या?"

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "नाव!"

*

केशोरीकडची सगुणा छोट्या गाडीनं गोंदियाला भाजी विकायला यायची. पावसाळ्यात टोपलीत वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि थंडीत तलावातली कमळकाकडी. आमच्या घरांत यातलं काहीच शिजत नसे. जंगलातलं आणि चिखलातलं खाणारी माणसं वेगळी, असा हिशोब.

एका मंगळवारी लिऊबाईंनी तिला हाक मारून व्हरांड्यात बसवलं. टोपलीतला एक कोंब उचलून नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग दोघींचं सुरू झालं. किती वेळ उकळायचं, पहिलं पाणी का फेकायचं, कडूपणा कसा जातो. एक हिंदीत बोलतेय, एक झाडीबोलीत बोलतेय, आणि दोघींची पद्धत एकच! आम्ही आत पदर खोचून वही-पेन्सिल घेऊन उभ्या.

त्या दिवशी आठ घरांत वास्ते शिजले. 'बांबूचे कोंब, चिनी पद्धत' असं मी वहीत लिहिलं. पुढच्या मंगळवारी अध्यक्षीणबाईंनी सगुणाला कौतुकानं सांगितलं, की तुझी ती चिनी भाजी आणखी आण गं.

सगुणा टोपली उतरवत म्हणाली, "काऊन वो बाई? आमी खाल्लं तं गरिबाचं, आन तुमी खाल्लं तं चिनी?"

अध्यक्षीणबाईंना ऐकू आलं नाही. त्यांना हवं तेव्हा कमी ऐकू यायचं.

तेव्हापासून दर मंगळवारी वर्ग संपला की व्हरांड्यात दोघींचं जेवण व्हायचं. लिऊबाई घरून डबा आणायच्या आणि सगुणा तिची भाकर. एकमेकींच्या डब्यात हात घालून खायच्या. आम्ही आतून बघायचो. खरं सांगू? वास आमच्या ताटांपेक्षा त्या डब्याचा छान यायचा.

*

मग ते भाई-भाईचे दिवस आले. दोन्ही देशांच्या मैत्रीच्या बातम्या पेपरात रोज. नागपूरहून कुणी मोठे पाहुणे येणार, त्यांना मंडळातर्फे चिनी मेजवानी द्यायची असं ठरलं. सगळे पदार्थ लिऊबाईंचे. तीन आठवडे त्यांनी व्हरांड्यात बसून आमच्याकडून घोटून घेतले.

आदल्या दिवशी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "लिऊबाई, उद्या तुमचा तो चिनी पोशाख घाला हं. कॅलेंडरवरच्या बायकांचा असतो तसा."

"हमारे पास तो साड़ी ही है," लिऊबाई म्हणाल्या. "बारह साल की थी तब से साड़ी."

अडलं नाही कुणाचं! वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यातले लाल साटीनचे पडदे उतरवले आणि शिंप्याकडून रातोरात एक झगा शिवून आणला. तो घालून लिऊबाई दाराशी खुर्चीवर बसल्या. येणारा प्रत्येकजण आधी त्यांना न्याहाळायचा, मग आत जाऊन पंगतीला बसायचा. डॉक्टर लिऊ एका कोपऱ्यात उभे होते. बायकोकडे एकदा बघून ते बाहेर निघून गेले.

पंगत रंगली. पाहुणे सज्जन गृहस्थ होते. हात धुताना त्यांनी विचारलं, "या बाई जेवल्या का?"

अध्यक्षीणबाई हसून म्हणाल्या, "त्यांना आपल्या जेवणाची सवय नाही हो!"

टाळ्या झाल्या, भाषणं झाली. लिऊबाईंना नारळ आणि खण दिला, ओंजळीत वरून सोडून. पुढच्या मंगळवारी लिऊबाईंनी तो झगा धुऊन, इस्त्री करून परत आणला. म्हणाल्या, "परदा बना लेना फिर से." आणि मग नेहमीसारखं, "तो हमारे घर कब आना है सबको?"

मी इतिवृत्तात काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

*

आता हा माझा. हा मी कधी हसवण्यासाठी सांगितला नाही.

सत्तावन्न साली धाकटीच्या बाळंतपणानंतर मला ताप चढला. अन्न समोर आलं की उमळून यायचं. नवरा कामावर. पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी दाराशी आवाज आला, "बहन कैसी है?" लिऊबाई होत्या. भर उन्हात बाजारापासून रेल्वे क्वार्टरपर्यंत चालत आलेल्या, हातात कपड्यात बांधलेलं पातेलं. "पेज है. अदरक डाला है. यह पेट में रुकेगा."

सासूबाईंनी दारातच पातेलं घेतलं. "देतो तिले," म्हणाल्या.

मी जागी होते. खाटेवरून सगळं ऐकू येत होतं. सासूबाईंची पावलं माझ्या खोलीपाशी आलीच नाहीत. ती मागच्या दाराकडे गेली. मग गाईच्या घमेल्यात पेज ओतल्याचा आवाज आला. आल्याचा वास मात्र माझ्यापर्यंत पोहोचला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

हाक मारता आली असती. "आणा इकडे," एवढे दोन शब्द. मी नाही मारली. घरात वाद नको, बाळ झोपलंय, अशी कारणं मनाशी जुळवत पडून राहिले. पातेलं घासून, उन्हात ठेवून, आत गुळाचा खडा टाकून सासूबाईंनी परत पाठवलं.

महिन्यानं मी वर्गाला गेले. लिऊबाईंनी मला पाहिलं, काड्या माझ्याकडे रोखल्या आणि हसून विचारलं, "पेज का नमक?"

"ठीक," मी म्हणाले.

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग "अच्छा" म्हणाल्या आणि काड्या कढईकडे वळवल्या. मिठाच्या बाबतीतलं आमच्यातलं ते पहिलं खोटं, आणि ते मी बोलले.

*

एकोणसाठ साली वारं फिरलं. सरहद्दीच्या बातम्या यायला लागल्या आणि डॉक्टर लिऊंची खुर्ची रिकामी पडायला लागली. लोक दाढेत लवंग धरून बसायचे, पण त्या दुकानाची पायरी चढायचे नाहीत. एका सकाळी पाटीवरच्या दाताला कुणीतरी डांबर फासलेलं दिसलं. डॉक्टरांनी ते रॉकेलनं पुसलं. दात पिवळट राहिला.

एका मंगळवारी वर्ग चालू असताना एक गृहस्थ आले. साधे कपडे, हातात फाइल. चौकशीचं काम, म्हणाले. अध्यक्षीणबाईंनी त्यांना आत खुर्ची दिली. लिऊबाई बाहेर पाटावरच होत्या, चार हातांवर, दार उघडं. त्या गृहस्थांनी माझी पाककृतींची वही मागून घेतली आणि चाळली. 'पहिले पाणी फेकावे. पाव तास थांबावे. धूर दिसताच टाकावे.' त्यांनी मान वर करून मला विचारलं, "हे काय आहे?"

"वास्त्यांची भाजी," मी म्हणाले.

वही त्यांनी फाइलीत ठेवली. मग अध्यक्षीणबाईंना विचारलं, "या बाईंना तुम्ही ओळखता? किती वर्षं? घरी जाणं-येणं?"

अध्यक्षीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "ओळख अशी नाही हो. व्हरांड्यात बसायच्या."

त्यांनी एकेकीकडे पाहिलं. कुणी म्हणालं, मी नवीनच आहे. कुणी म्हणालं, मला हिंदी फारसं कळत नाही. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हणाले, "मी फक्त लिहून घेत होते."

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. सगुणा होती, टोपलीपाशी उकिडवी बसलेली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "मी वळखतो ना बाईले! दर मंगळवारी संगं जेवतो आमी. लिवा माहं नाव!"

त्या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं आणि फाइल बंद केली. तिचं नाव काही त्यांनी लिहिलं नाही.

लिऊबाई उठल्या. पाट नेहमीसारखा भिंतीला टेकवून ठेवला. "आज का वर्ग हो गया," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. वर्ग अर्धाच झाला होता. कढईत कोबी करपला.

*

आता शेवटचा.

साठ साल उजाडलं आणि कळलं, लिऊ मंडळी दुकान बंद करून कलकत्त्याला परत चालली. जायच्या आधीच्या मंगळवारी लिऊबाई आल्या. पाटावर बसल्या नाहीत, व्हरांड्यात उभ्याच राहिल्या. "सात साल हो गए," म्हणाल्या. "जाने के एक दिन पहले. सब आओ. आठ कटोरी धो के रखी है."

एकीची संकष्टी निघाली. एकीकडे पाहुणे. एकीची कंबर धरलेली. अध्यक्षीणबाईंच्या वकीलसाहेबांचा तोच दिवस नेमका महत्त्वाचा. मी म्हणाले, "आमच्या ह्यांची सरकारी नोकरी आहे हो. दिवस असे." हे खरं होतं, आणि तेच सोयीचं होतं.

लिऊबाईंनी सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक है. नहीं आ सकते तो घर भेज देंगे."

जायच्या आदल्या दिवशी सगुणा डोक्यावर टोपली घेऊन आठ घरं फिरली. टोपलीत आठ वाट्या, पांढऱ्याशुभ्र, निळ्या कडेच्या, वर पळसाची पानं बांधलेली. आत कमळकाकडीचं सूप, आमच्यासाठी मुद्दाम शेंगदाणे घालून केलेलं. पहिल्या दिवशी पडद्यामागून वास आला होता तेच. "वाटी वापस नोको म्हनते बाई. ठेवून घ्या म्हनते," सगुणानं सांगितलं आणि ती पुढच्या घराकडे गेली.

कुणाचं माळ्याला गेलं, कुणाचं मोरीत गेलं, हे नंतर एकमेकींना सांगून झालं. माझं सांगते. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. नवरा मालधक्क्यावर, मुलं शाळेत. दोष द्यायला घरात कुणी नव्हतं. मी वाटी दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ चुलीपाशी उभी राहिले. नाकाशीही नेली. मग मागच्या दाराला गेले आणि गाईच्या घमेल्यात ओतली.

वाटी मात्र ठेवून घेतली. आठहीजणींनी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्मवर सोवळं नसतं, तेव्हा सगळ्या मोकळ्या! हळदीकुंकू लावलं, गजरा दिला. डॉक्टरांची ती दातांची खुर्ची हमालांनी ब्रेकच्या डब्यात चढवली. लिऊबाई खिडकीशी बसल्या. सगुणा खाली खांबाला टेकून उभी होती.

"खाना मिला सबको?" लिऊबाईंनी विचारलं.

"अहो, मिळालं म्हणजे काय! अशी चव आयुष्यात चाखली नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे तर वाटी चाटूनपुसून साफ!"

"ह्यांनी दोनदा मागितलं, दोनदा! मला उरलंच नाही."

"कमळकाकडी कशी, तोंडात विरघळली!"

लिऊबाई ऐकत होत्या. मग त्यांनी पिशवीतून त्या दोन लांब काड्या काढल्या, खिडकीच्या गजांतून बाहेर धरल्या आणि वर्गात रोखायच्या तशा अध्यक्षीणबाईंवर रोखल्या.

"नमक?"

"ठीक!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. किती छान, शेवटच्या दिवशीसुद्धा वर्ग!

काड्या पुढे सरकल्या. "नमक?" "ठीक!" "नमक?" "अगदी ठीक!" "नमक?" "बरोब्बर!" असं करत करत त्या माझ्यापाशी आल्या. लिऊबाई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

"नमक?"

"ठीक," मी म्हणाले.

गार्डनं शिट्टी दिली. लिऊबाईंनी काड्या आत घेतल्या, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवल्या.

"हमने तो नमक डाला ही नहीं था," त्या म्हणाल्या, आणि गाडी हलली.